गुरुरावांची नवी वेल

म्हैसूरच्या रंगारी गल्लीत कापडावर वेलीफुलं छापणाऱ्या गुरुरावांचा तोरा असा, की फुलानं त्यांना विचारून उमलावं! सुईणींच्या वर्गासाठी डॉक्टरीण सरस्वतीबाईंनी त्यांना दोन चित्रं दिली, एक बाईच्या पोटातलं, एक पुरुषाच्या अंगाचं. ती कापडावर मोठी छापून हवी होती. बाई समजावू लागल्या, तशी गुरुरावांनी मान फिरवली.

"पाच लेकरांचा बाप आहे मी, बाई. मला काय सांगता?"

ठसे कोरले ते अर्धे डोळे मिटून. बाईचा ठसा म्हणजे मधोमध भोपळ्याचा तुंबा, दोन्हीकडे डहाळ्या, टोकाला कळ्या. पुरुषाचा म्हणजे वेलीला लोंबलेली जोडफळं. हे काय, म्हणून जमुनाबाईनं विचारलं. आता बायकोला कसं सांगावं? गुरुराव कुसुंब्यासारखे लाल झाले.

"उगीच, काही नाही. नवी वेल आहे."

गुरुराव कापड धुवायला तळ्यावर गेले आणि इकडे जमुनाबाईनं रिसालदार येसाजीरावांच्या घरचं लग्नाचं काम काढलं. नव्या वेलीचा पहिला मान मोठ्या घराला! एक ठसा रिसालदारांच्या फेट्यावर, दुसरा त्यांच्या भागीरथीबाईंच्या पदरावर.

गुरुरावांनी पाहिलं ते थेट वरातीत. घोड्यावर रिसालदार, मिशा आभाळाकडे, डोक्यावर गर्भाशय! मागे भागीरथीबाई, पदरभर पुरुषाचं गुपित झुलवीत. गुरुरावांची नजर रिसालदारांच्या तलवारीवरून हलेना.

पाहुण्यांतल्या सरस्वतीबाई हसू गिळत जवळ आल्या. वर्ग उद्यावर आलेला, नवी कापडं छापून वाळणार कधी? तेव्हा रंग पक्का करायचा राहिलाय, असं सांगून गुरुरावांनी फेटा नि लुगडं मागून आणलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कापडं वर्गात टांगली. गुरुराव दाराआड उभे होते, तोच फेटा न्यायला रिसालदार हजर! आत छडी फेट्यावर फिरत होती. बीजाच्या गाठी दोघांनाही असतात, सरस्वतीबाई सांगत होत्या, बाईच्या आत राहतात, पुरुषाच्या थंडाव्यासाठी बाहेर उतरतात. आणि मूल अन्नाच्या पोटात नव्हे, या वेगळ्या पिशवीत वाढतं.

रिसालदारांचा हात तलवारीकडे गेला, अर्ध्या वाटेत थांबला. ते कुजबुजले, "म्हणजे जेवणाखाली बाळ दडपत नाही? मी हिला दर खेपेला दोन घास कमी खायला लावले, गुरुराव."

"मीही," गुरुराव म्हणाले.

"फेटा राहू दे इथंच. डोक्यावर काय मिरवलं, ते घरी कळायला नको."

गुरुरावांनी सुटकेचा निःश्वास सोडला. तेवढ्यात आतून, लुगड्याचं टोक धरून उभ्या जमुनाबाईचा आवाज आला.

"अहो, पाच लेकरांचे बाप, आत या. दारातून नीट दिसत नाही."