झाडे सरांचे गॅमा किरण

झाडे सरांना कुठलीही बातमी सांगा, ते म्हणतात, "आधी ओळखीचं वजा कर गा." आमच्या लिफ्टमध्ये भूत असल्याचा बोभाटा झाला, तेव्हा सरांनी त्यातून आधी गंजलेली साखळी वजा केली, मग वॉचमनचा खोकला. भूत शिल्लक राहिलं नाही.

मनीषनगरात ते माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झाले आणि लोक भजनाला लागतात तसे आकाशगंगेला लागले. उपग्रहाने टिपलेल्या गॅमा किरणांची माहिती इंटरनेटवर फुकट मिळते. ती घेऊन सर दिवसभर वजाबाकी करतात. त्यांनी मला समजावलं होतं, की वैश्विक किरण आकाशगंगेतल्या वायूवर आदळतात आणि त्यातून गॅमा किरणांची अंधूक चमक सगळीकडे पसरते. ती पूर्ण वजा करूनही काही उरलं, तर ते कदाचित डार्क मॅटरचं, म्हणजे आजवर कुणालाच न दिसलेल्या पदार्थाचं असेल. मी तर्रीपोहे खात मान हलवली.

या उन्हाळ्यात सरांच्या वजाबाकीत खरंच काहीतरी उरलं. आकाशगंगेच्या मध्याजवळ एक ठिपका. सोसायटीच्या सेक्रेटरी काकूंनी डार्क मॅटर म्हणजे काय ते न विचारताच सत्काराचा रविवार ठरवला. संध्याकाळी सरांकडे गर्दी होऊ लागली. एकाने ठिपका वास्तूला चालेल का, असंही विचारलं. सर कूलरची दिशा पाहुण्यांकडे वळवत आणि प्रत्येकाला कागदावर आकाशगंगा काढून देत.

सत्काराला शाल आली, नारळ आला. सर उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, की वायूचा एक ढग वजा करायचा राहून गेला होता; आता काहीच उरलेलं नाही. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला कळेना. नारळ सेक्रेटरी काकूंच्या चटणीत गेला.

दुसऱ्या दिवशी मी सांत्वनाला गेलो. सर एकटेच होते. ओट्यावर बारा कप धुऊन उपडे घातलेले. चूक रविवारीच लक्षात आली का, असं मी विचारलं.

"नाही गा. पंधरा दिवस झाले."

"मग सांगितलं काहून नाही, सर?"

त्यांनी ओट्यावरचा एक कप सुलटा केला. "लोक येऊन राहिले होते. आमची ही गेल्यापासून घरात एवढे कप निघालेच नव्हते."

मी खुर्ची ओढली. "सर, ते ढगाचं मले काही समजलं नाही. नीट सांगा."

सरांनी चष्मा पुसला.

"वेळ लागन," ते म्हणाले. "जेवूनच जा."