पिवळ्या विमानाचा घात आणि शैलजाबाईंचे उड्डाण

श्रीपवन समर्थ. शके एकोणीसशे एकोणचाळीस, हेमलंबी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा, रविवार. ते दिवशी जे घडले आणि पुढे फाल्गुनापर्यंत जे होत गेले, ते काही डोळां देखिले, काही खात्रीचे मुखे ऐकिले, तैसे लिहितो. कोणा धन्याची आज्ञा नाही, बिदागीची आशा नाही. संताप आवरेना, म्हणून लेखणी धरिली.

एक राज्य होते. नांव लिहीत नाही, कां की लिहिल्यास अब्रूचा दावा करतील ऐसे लोक तेथे आहेत. राज्य म्हणजे शहराबाहेरील सपाट माळ, पश्चिमेस खडीची खाण, पूर्वेस उसाचे फड, आणि मधोमध डांबराची शंभर पावलांची पट्टी. तेथे दर रविवारी सकाळी आम्ही बारा असामी जमून रिमोटावर चालणारी लहान विमाने उडवीत असू. राज्याचे अधिपती प्रतापराव हिंगमिरे. वीस वर्षे विमाने उडवीत होते आणि हात खरोखर चांगला होता, हे खोटे कैसे लिहावे? परंतु हात चांगला आणि जीभ वाईट. त्यांचे हुकुमाविना पट्टीवर कोणाचे चाक फिरत नसे, आणि नवख्या माणसाचे पहिले उड्डाण आपणच करावे ऐसा कायदा त्यांणीच केला होता. त्या राज्यांत शैलजाबाई खरबडे आल्या. वय अठ्ठावन्न, तंत्रशाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षे चाकरी करून निवृत्त जाहल्या होत्या, आणि लहानपणापासून आकाशाकडे पाहावयाची खोड होती. त्यांणी आठ मास घरी बसून बाल्सा नामे अति हलक्या लाकडाचे विमान स्वहस्ते बांधिले. पंख पाच फुटी, एक एक फासळी कानशीने घासलेली, आणि वरून पिवळे आवरण इस्त्रीने ताणून बसविलेले. लिहिणाराने विमान हाती घेऊन पाहिले. एक सांधा ढिला नव्हता.

वर लिहिल्या रविवारी बाई ते घेऊन पट्टीवर आल्या, आणि कायद्याप्रमाणे प्रतापरावांनी रिमोट मागितला. येथे एक गोष्ट समजून घ्यावी. रिमोटास दोन काठ्या असतात. बाईंचे रिमोटांत वेग डाव्या काठीवर आणि नाक वर-खाली करणे उजव्या काठीवर. प्रतापरावांचे हातास याचे बरोबर उलट सवय. बाईंनी ते जाणून आधीच सांगितले, "साहेब, माझ्यात वेग डावीकडं आहे, तुमच्यासारखं नाही. एकदा जमिनीवरच हलवून बघता का?" प्रतापराव म्हणाले, "बाई, मी वीस वर्षं उडवतोय. मागं उभ्या राहा." आणि विमान सोडिले. पिवळे विमान पट्टी सोडून वर गेले आणि उन्हांत ऐसे चमकले की बाईंनी दोन्ही हात छातीशी धरिले, आणि दोन फेऱ्या उत्तम जाहल्या. मग खाणीकडून वाऱ्याचा झोत आला, विमानाचे नाक झुकले, आणि प्रतापरावांचे हात घाबरून जुन्या सवयीवर गेले. नाक उचलावे म्हणून डावी काठी ओढिली, तो नाकावरील फिरता पंखाच बंद पडला. मग वेग द्यावा म्हणून उजवी काठी पुढे लोटिली, तो नाक थेट भूमीकडे जाहले. विमान उसाचे बांधावर आपटले, नाक चुरले, डावा पंख मोडला. लिहिणारा प्रतापरावांचे उजव्या खांद्यामागे उभा होता आणि त्याणे दोन्ही अंगठे आपल्या डोळ्यांनी पाहिले.

तेव्हां प्रतापराव काय बोलिले, ते ऐका. "शेपूट हवेतच तुटलं. बांधणी कच्ची. बाईमाणसानं रांगोळ्या काढाव्या, ही कामं नव्हेत." आणि लोक हसले. बाई उसाकडे गेल्या, सांगाडा उचलून आणिला आणि सर्वांसमोर धरिला. म्हणाल्या, "शेपूट शाबूत आहे, साहेब. हे बघा. अंगठा तुमचा चुकला." प्रतापराव तांबडेलाल जाहले. "माझा अंगठा? तुम्हांला डावं-उजवं तरी कळतं का? आजपासून या पट्टीवर पाय ठेवायचा नाही." मग बाईंनी आम्हांकडे पाहिले आणि विचारिले, "तुम्ही सगळे इथंच होता. कोणी पाहिलं नाही?" कोणी बॅटरी तपासू लागला, कोणी मोबाईल काढिला, आणि लिहिणारा आपल्या विमानाचे चाक पुसू लागला. चाक स्वच्छ होते. बाई सांगाडा रिक्षांत घालून निघून गेल्या, आणि त्यानंतर लगेच चहा आला आणि आम्ही प्यालो.

पुढील मजकूर ठकूबाईने सांगितला. ती शेळ्या राखणारी, गांवाबाहेर फुटक्या बांधाचे एक कोरडे तळे आहे तेथे तिचा रोजचा मुक्काम. शैलजाबाईंनी तीन आठवड्यांत विमान जोडिले आणि पौष मासी सकाळी सकाळी त्या तळ्यांत येऊ लागल्या. शिकविणारा कोणी नाही. विमान आपणांपासून दूर जाते तोंवर डावे ते डावे आणि उजवे ते उजवे; परंतु वळून आपणांकडे येऊ लागले की सर्व उलटे होते, आणि येथेच नवखा माणूस फसतो. बाई चार वेळां फसल्या. एकदा विमान थेट डोक्यावर आले आणि ठकूबाई ओरडली, "ओ बाई, पळा, अंगावर आलं!" दोघी वाळल्या चिखलाच्या भेगांत पालथ्या पडल्या आणि विमान पलीकडे बाभळीत गेले. बाई रडल्या नाहीत, ऐसे ठकूबाई सांगते. शिव्या दिल्या, आणि त्या कोणा साहेबाचे नांवे दिल्या, आणि ऐशा दिल्या की शेळ्या चरायच्या थांबल्या. मग घरी जाऊन गोंद लाविला आणि दुसरे दिवशी फिरून हजर. होता होता बाईंनी स्वतःच युक्ती काढिली, की विमान समोरून येत असतां जो पंख खाली झुकेल त्याच बाजूस काठी द्यावी, जणू खालून टेकू लाविला. हे बोटांत मुरेपर्यंत हातांत नुसता रिमोट धरून स्वयंपाकघरांत येरझारा घातल्या. माघ मासी एके सकाळी विमान सहा फेऱ्या फिरले, वळले, समोरून आले, उतरत उतरत चाके भूमीस लागली, थोडे धावले आणि उभे राहिले. बाई मटकन खाली बसल्या. "उतरलं," म्हणाल्या, "ठकूबाई, मी उतरवलं." ठकूबाई म्हणाली, "मंग! आजवर निस्तं पडत हुतं, आज बसलं की वं पाखरावानी." आणि तिने आपल्या मोबाईलवर जे टिपिले होते ते भाच्यास पाठविले, आणि भाच्याने जगास पाठविले.

ती चित्रफीत प्रतापरावांपर्यंत गेली. फाल्गुनांत राज्याचा मेळा होता, वर्तमानपत्राचे लोक यावयाचे होते. तेव्हां मनाई कोठे गेली कोण जाणे, गोड निरोप गेला, आणि बाई आल्या. पिवळे विमान उडविले, वाऱ्यांत उडविले, आणि पट्टीचे मध्यावर अलगद उतरविले. प्रतापराव हार घेऊन पुढे जाहले आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून म्हणाले, "आमच्या मंडळाच्या पहिल्या महिला वैमानिक. पहिलं उड्डाण माझ्याच हातून झालं यांचं. माझ्या शिष्या!" बाईंनी हार हातानेच अडविला. "त्या दिवशी विमान कोणी पाडलं, एवढं इथं सांगा. मग घालते हार." प्रतापराव हसले. "जाऊ द्या हो, जुनं कशाला उकरता?" तेव्हां लिहिणारा पुढे जाहला आणि म्हणाला, "साहेबांनी पाडलं. काठ्या उलट्या ओढल्या. मी मागं उभा होतो, मी पाहिलं." प्रतापरावांचा हार हातांतच राहिला. बाईंनी लिहिणाराकडे पाहिले. वाटले, आतां धन्यवाद म्हणतील. त्या म्हणाल्या, "हे त्या दिवशी बोलायचं होतं. तेव्हा मी एकटी होते. आज मला तुमची गरज नाही." आणि विमान काखोटीस मारून चालत्या जाहल्या, मागे वळून पाहिले नाही.

एवंच. प्रतापराव अद्याप अधिपती आहेत, माफी मागितली नाही. लिहिणाराचे नांव मंडळांतून कमी केले. बाई तळ्यांतच उडवितात आणि ठकूबाईस शिकवितात. लिहिणारास तेथे बोलावणे नाही, आणि ते रास्त आहे. मजकूर पुरा जाहला. राग पुरा जाहला नाही, आणि तो सगळा प्रतापरावांवर नाही.