पप्पांच्या आवाजातला दावीद

एका वरिष्ठ अधीक्षकांच्या सात वर्षांच्या मुलीने जेवताना विचारले, "पप्पा, नोहाने हत्ती घेतले, माकडं घेतली. मग शेजारची मुलं का नाही घेतली बोटीत?"

अधीक्षकांनी विषय पुढील कार्यवाहीसाठी आईकडे वर्ग केला. आईने तो, तोंडात घास असल्याच्या कारणास्तव, परत पाठवला. मुलीला बायबलच्या गोष्टींचे पुस्तक घेऊन द्यावे, असे एकमताने ठरले.

रविवारी चर्च सुटल्यावर तिघे पुस्तकांच्या दुकानात गेले.

"मुलांना गुंतवून ठेवणारं काहीतरी दाखवा," अधीक्षक म्हणाले.

"किती वेळ?" दुकानदाराने विचारले.

"दुपारभर."

दुकानदाराने सुरेख चित्रांचे पुस्तक काढले. "हे घ्या. शेजारी बसून वाचून दाखवायचं."

"कुणी?" दोघांनी एकदम विचारले. पुस्तक मुकाट्याने जागेवर गेले.

मग बटणांचे पुस्तक आले. मुलीने बटण दाबले, सिंहाने डरकाळी फोडली. "सिंहांच्या गुहेत दानीएलला भीती नाही वाटली?" तिने विचारले.

"बघा," आई म्हणाली, "यानेही प्रश्न पडतातच."

दुकानदार मुरलेला होता. त्याने काचेच्या कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढले. "यात पालकांचा आवाज भरता येतो. एकदाच वाचा, जन्माची कटकट मिटली. पोरीला वाटेल, पप्पाच सांगताहेत."

अधीक्षकांना ही योजना लोकहिताची वाटली.

घरी दार लावून त्यांनी वाचायला घेतले. महाकाय गल्याथ गरजला. दावीदने गोफण फिरवली, आणि दाराबाहेर कान लावून बसलेल्या मुलीला राहवेना. तिने डोके आत घातले. "पप्पा, लागला का दगड?"

"थांब गं जरा! आत्ता नको!" अधीक्षक खेकसले. पुस्तकाने तेही भरून घेतले. एकदा भरलेले पुसण्याची त्यात सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुलीने बटण दाबले, ऐकले आणि पुस्तक हळूच मिटले.

"बिघडलंय ना गं?" आईने ओशाळून विचारले. "बदलून आणू या."

"नाही," मुलगी म्हणाली. "अगदी पप्पांसारखंच आहे."

अधीक्षकांनी रीतसर तक्रार केली. प्रकाशकांनी तिची तत्परतेने दखल घेतली आणि ते 'थांब गं जरा! आत्ता नको!' आधीच भरलेली, कोणा परक्या गृहस्थाच्या आवाजातली नवी आवृत्ती काढली. ती घरोघरी गेली. आवाज दुसऱ्याच कुणाचा आहे, अशी तक्रार अद्याप एकाही मुलाने केलेली नाही. तुमच्याही.