भागीरथी टिटवीची नवी नोकरी

मुलांनो, तो मोबाइल जरा खाली ठेवा. नाही ठेवत? बरं, धरा हातात, पण कान इकडे द्या. एका जंगलात बातम्यांचं एक ऑफिस होतं.

तिथं भागीरथी नावाची टिटवी वार्ताहर होती. ती नदीकाठी बसायची, काही दिसलं की ओरडायची. झाली बातमी. पदरात चार पिलं, त्यामुळे नोकरी टिकवणं भाग होतं.

एक दिवस संपादक तरसरावांनी फर्मान काढलं. आता नुसतं ओरडून भागणार नाही. वार्ताहरानंच शूटिंग करायचं, एडिटिंग करायचं, थंबनेलही बनवायचं. जमत नसेल त्यानं दुसरीकडे दाणे टिपावेत. शिकवायला सरडा नेमला. हा आधी मुद्रितशोधक होता, मग डिझायनर झाला, आता कंटेंट हेड.

भागीरथी मोठी जिद्दीची हो! आडवा व्हिडिओ शिकली, उभा शिकली, लाइव्हसुद्धा शिकली. सरड्यानं एक नियम मात्र घोटून घेतला. रेकॉर्डिंग चालू असताना चोच उघडायची नाही, आवाज फाटतो.

आणि नेमकी तेव्हाच नदी फुगली. भागीरथीनं कॅमेरा लावला. फ्रेम झकास होती. पाणी सशांच्या बिळांकडे निघालं होतं आणि ससे आत गाढ झोपले होते.

तिनं थोडा दम धरला. मग तिला राहवेना. कॅमेरा दिला पाण्यात सोडून आणि ओरडत सुटली. सगळं जंगल टेकडीवर पळालं. एकाचंही शेपूट भिजलं नाही. मला तर इतका आनंद झाला म्हणून सांगू!

तरसरावही धापा टाकत वर पोचले.

"व्हिडिओ कुठाय?"

"साहेब, मी ओरडले."

"ते ऐकलं. म्हणून तर पळालो. पण आता दाखवायचं काय?"

भागीरथीला तिथल्या तिथे नारळ मिळाला. सरड्यानं कोरड्या ठणठणीत सशांना पुन्हा खाली नेलं, नाकापर्यंत पाण्यात उभं केलं आणि थोडं रडायला सांगितलं. व्हिडिओ तुफान चालला. ससेही खूश होते, कारण पहिल्यांदाच त्यांना कुणीतरी पाहत होतं.

भागीरथी पिलांना घेऊन पलीकडच्या जंगलात गेली. तिथं अजून नेटवर्क नाही, त्यामुळे तिचं छान चाललंय.

तात्पर्य: संकटाची खबर कधीही वेळेवर देऊ नये. सगळ्यांचे जीव वाचतात आणि दाखवायला काही उरत नाही. शहाण्या वार्ताहरानं पाणी नाकाशी येईपर्यंत थांबावं, आणि सशांनी तोवर कॅमेऱ्याकडे बघावं.