सुमन काय करते

आमच्या इंदुरीत तात्यांच्या दोरीवर कपडे वाळत नाहीत, इंग्रजी वाक्यं वाळतात. कपडे माझ्या भिंतीवर येतात.

तात्या माझे शेजारी, निवृत्त पोस्टमन. संध्याकाळी आळीतली पोरं त्यांच्याकडे फुकट इंग्रजी शिकतात. एकेका पुठ्ठ्यावर एकेक शब्द, चिमट्यानं दोरीला लावलेला. मग एका पोरानं वाक्याच्या मधे लाल चिंधी बांधायची. चिंधीच्या अलीकडे कोण, पलीकडे त्याचं काय. "पाकिटावर नाव, आत मजकूर," तात्या म्हणतात. "एवढं कळलं की इंग्रजी संपलं." मी चौथी शिकलेली. मला वाटतं, तात्यांचंही तिथंच संपलं असावं.

पलीकडचे पुठ्ठे रोज बदलत. अलीकडचा मात्र एकच, कडा झिजलेला. सुमन पाणी आणते. सुमन भांडी घासते. सुमन गवत कापते. पोरं अर्थासकट ओरडत, म्हणून मलाही पाठ झालं.

गेल्या आठवड्यात एका पोरीची आई, वैशाली, वही घेऊन आली. "तात्या, शाळेच्या परीक्षेत घोडा गवत खातो असं वाक्य होतं. कोण खातो, तर हिनं लिव्हलंय सुमन. दुसरं नाव घाला, न्हाईतर आमी पोरं धाडत न्हाई."

तात्यांनी पुठ्ठा काढून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी दोरीवर घोडा आला, मग रमेश आला. पोरं खूश. तात्या मात्र चिंधी बरोबर बांधली तरी शाबास म्हणायचं विसरायला लागले.

सुमन त्यांची बायको. तिला जाऊन तीन वर्षं झाली.

काल पोरं गेल्यावर मी त्यांचे वाळलेले कपडे द्यायला गेले. तात्या पायरीवर बसले होते, पुठ्ठा हातात.

"मला शिकवा," मी म्हटलं. "मला कुटली परीक्षा हाय? लावा तो पुठ्ठा."

त्यांनी लगेच लावला आणि पुठ्ठ्यांच्या पिशवीत पुढचे शब्द शोधायला लागले.

"काय करती आज?" मी विचारलं.

"चहा करते."

"तात्या, जित्तेपणी तुमी तिला टेकू दिलं न्हाई. वाक्यात तरी बसू द्या."

तात्यांनी सगळी पिशवी उचकली. बसण्याचा शब्द तीत नव्हता. मग नवा पुठ्ठा कापला, त्यावर लिहिलं, दोरीला लावलं आणि चिंधी माझ्या हातात दिली.

मी बांधली. दोनच शब्द होते, चुकायला जागाच नव्हती. तरी तात्या म्हणाले, "शाबास."