खरडच्या नाक्यावर काळ्या दगडाचा निवाडा

श्रीगजवदनासी आणि पृथ्वीमातेसी वंदून, शके एकोणीसशे नऊ, पौष मासी, पंजाब प्रांती दहशतीचा अंमल असता, खरडच्या नाक्यावर जे अरिष्ट गुदरले आणि जी फत्ते जाहली, ती यथामति लिहिली असे. ऐकणाराने हसू आवरावे.

राजश्री गजाननराव भूशास्त्री, बदलीमुळे मुक्काम चंदीगड, हे हिमाचलचे डोंगर मारून पोतेभर दगडांची लूट जीपगाडीत घालून परतत होते. संगती राजश्री चारुदत्तपंत भूशास्त्री होते, आणि उभयतांत एका काळ्या दगडावरून वैर पेटले होते. गजाननराव म्हणत, हा चुनखडक. चारुदत्तपंत सह्याद्रीच्या कातळावर वाढले, सबब काळे दिसले की बसाल्ट, हा त्यांचा जन्माचा निवाडा.

नाक्यावर हवालदारसाहेबांनी गाडी रोखिली, आणि सारथ्याची पगडी व दाढी पाहून त्यास एका नजरेत संशयितांच्या वर्गात घातले, आणि हात वर करवून वाळूच्या पोत्यांशी उभे केले. परवाना खोटा असू शकतो, सबब याचे नाव साहेबलोकांनी सांगावे, तोवर सुटका नाही, ऐसा हुकूम जाहला. मग पोते दिसले. यात काय, ऐसे पुसिले. गजाननरावांनी नुसते दगड म्हणावे आणि सुटावे; परंतु शास्त्राची अब्रू! वरल्या रंगावरून नाव देणे आमच्या शास्त्रात मना, ऐसा जाब देऊन त्यांनी हातोडा उपसला.

मग घाव घातला, आणि शिपाई आडोशास पळाले. मग ताजा फुटलेला भाग भिंगाखाली धरिला, आणि चाकूने ओरखडा काढिला, आणि चुना पारखण्याचा आम्लाचा थेंब सोडिला, तो दगड फसफसला, आणि चार बंदुका एकदम खांद्यास लागल्या. चारुदत्तपंत डगमगले नाहीत. फेस पांढऱ्या शिरेचा, दगडाचा नव्हे, ऐसी हरकत त्यांनी घेतली. मग शीर टाळून दुसरा घाव, दुसरा थेंब, पुन्हा फेस, आणि पंतांचा मोड जाहला. या धामधुमीत सारथ्याने आपले नाव गुरमेल सिंग ऐसे दोनदा सांगितले. थंडी मी म्हणत होती आणि त्याचे हात वरच होते. शास्त्र्यांस फुरसत नव्हती.

हवालदारसाहेबांनी स्वतः भिंगातून पाहिले, पत्थर पक्का, ऐसे फर्माविले, आणि आता माणसाचे नाव पुसिले.

गेली कैक वर्षे हा पुरुष उभयतांस डोंगरोडोंगरी नेत होता. गजाननरावांनी चारुदत्तपंतांकडे पाहिले. चारुदत्तपंतांनी दगडाकडे पाहिले. अखेर उभयता एकमुखे वदले, "सरदारजी."

तेव्हा सारथी बोलिला, "साहबजी, हुण मैनूं वी तोड के वेख लो." म्हणजे, आता मलाही फोडून पाहा.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. काळ्या दगडाचे नाव चुनखडक, हे निर्विवाद ठरले, आणि खाशी स्वारी पोत्यासह चंदीगडास दाखल जाहली. सारथी हुकुमाप्रमाणे नाक्यावरच राहिला; गाडी चारुदत्तपंतांनी हाकिली.