दहापैकी दहा देणाऱ्या इंदुबाई

"यंदाचा सोहळा असा करतो ना, की खराडीत पुढची दहा वर्षं लोक माझं नाव काढतील!"

उत्तरेश्वर गव्हाणेने ही घोषणा तोंडात ब्रश असताना केली. ऐकायला घरात दोनच माणसं होती. एक त्याची बायको पूर्णिमा. तिने नेहमीप्रमाणे "आधी चूळ भरा" एवढंच म्हटलं. दुसरे तिचे वडील नागोराव. ते नागपूरहून खास जावयाच्या ऑफिसच्या या वार्षिक सोहळ्यासाठी आले होते आणि सोफ्यावर बसून जावयाकडे बारकाईने बघत होते.

"जवाईबापू," नागोराव म्हणाले, "तुमच्या हापिसात तुम्ही नेमकं करता तरी काय? सहा वर्षं झाली लग्नाले, मले तं अजून समजलं नाही."

हा प्रश्न उत्तरेश्वरच्या फार जिव्हारी लागायचा. तो 'छायाछत्र आयुर्विमा' नावाच्या कंपनीत होता. पण विमा विकत नव्हता, विम्याचे दावेही तपासत नव्हता. वर्षभर कंपनीने काय काय चांगलं केलं, ते वर्षाच्या शेवटी गोळा करून सगळ्यांना मोठ्या पडद्यावर दाखवायचं, हे त्याचं काम. समाजासाठी काय केलं, कर्मचाऱ्यांसाठी काय केलं, ग्राहकांसाठी काय केलं! आता हे सासऱ्यांना कसं समजवायचं? बरं, सासरच्या माणसांपुढे विम्याचा विषयच काढायचा नाही, अशी तंबी पूर्णिमाने साखरपुड्यातच दिली होती.

"उद्या बघाच तुम्ही," उत्तरेश्वर म्हणाला. "सोहळ्याच्या शेवटी मोठ्या मॅडम बढत्या जाहीर करतात. उद्या तुमचा जावई मॅनेजर होणार!"

"होणार का?" नागोराव म्हणाले. "मंग बघतो."

सासऱ्यांच्या तोंडून कौतुकाचे दोन शब्द ऐकावेत म्हणूनच उत्तरेश्वर महिनाभर राबत होता, हे मात्र खरं.

त्याची योजनाही तशी झकास होती. दरवर्षी पडद्यावर नुसते आकडे यायचे आणि लोक खाली मान घालून मोबाईल बघायचे. यंदा त्याने ठरवलं, आकडे नकोत, माणूस आणू! कंपनीचा सगळ्यात समाधानी ग्राहक शोधायचा, त्याला शाल, श्रीफळ आणि पुणेरी पगडी देऊन सत्कार करायचा आणि त्याच्याच तोंडून कंपनीचं कौतुक ऐकवायचं.

कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या सुदर्शनने माहिती चाळली आणि नाव काढून दिलं. इंदुबाई खैरे, राहणार खडकी. बाईंनी वर्षभर कंपनीच्या हेल्पलाईनला जवळपास रोज फोन केला होता. फोन संपला की मशीन विचारतं ना, आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल? बाईंनी प्रत्येक वेळी दहा दिले होते!

"दहा?" उत्तरेश्वर खुर्चीतून उठलाच. "अरे, पुण्यात दहापैकी दहा कोण देतं? इथे आई पोराच्या लग्नातल्या जेवणालासुद्धा सात देते, आणि वर म्हणते, मठ्ठा पातळ होता!"

"पण सर," सुदर्शन म्हणाला, "यांच्या नावापुढे पॉलिसी नंबरचा रकाना रिकामा दिसतोय."

"सर्व्हर झोपला असेल तुझा! बाई रोज विमा कंपनीला फोन करतात त्या काय हौस म्हणून?"

सुदर्शन गप्प बसला. मोठ्या ऑफिसात माणसं याच जागी गप्प बसतात आणि पुढचं सगळं तिथून सुरू होतं.

उत्तरेश्वर स्वतः खडकीला जाऊन आमंत्रण देऊन आला. इंदुबाईंचे यजमान दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, गेल्याच वर्षी वारले. मुलगी बडोद्याला. बाई एकट्याच, पण घर कसं लख्ख! भिंतीवर छायाछत्रचं कॅलेंडर बघून उत्तरेश्वरला भरूनच आलं.

"आमच्या कंपनीबद्दल काय वाटतं तुम्हाला?" त्याने विचारलं.

"देवमाणसं आहेत हो सगळी!" इंदुबाई म्हणाल्या. "ती शेफाली येणार का तिथे? हेल्पलाईनवरची?"

"सगळे येणार!"

"मग मी येणारच."

झालं! याहून जास्त काही विचारायची त्याला गरजच वाटली नाही. चार ओळींचं भाषण त्याने ठळक अक्षरांत छापून नेलं होतं, ते बाईंच्या हातात ठेवलं आणि तो उड्या मारत परत आला.

सोहळ्याचा दिवस उजाडला. हॉल गच्च भरला होता. तिसऱ्या रांगेत पूर्णिमा आणि नागोराव. नागोरावांनी ठेवणीतला कोट घातला होता. पहिल्या रांगेत मोठ्या मॅडम, म्हणजे कंपनीच्या अध्यक्ष. त्या हसल्या तर लोक दिवस नोंदवून ठेवायचे.

उत्तरेश्वर माइकवर आला. पडद्यावर पहिलं चित्र. 'समाजासाठी : एकाकी ज्येष्ठांशी मायेचा संवाद'. खाली एका आजीबाईंचा फोटो. आजी गोऱ्यापान, डोळे निळे आणि हातात सफरचंद. हा फोटो इंटरनेटवरून घेतला होता, कारण उपक्रम अजून सुरूच व्हायचा होता! दुसरं चित्र, 'कर्मचाऱ्यांसाठी : हसतमुख कार्यालय'. त्यात सगळे कर्मचारी दात दाखवून उभे. आदल्या आठवड्यात तसा आदेशच निघाला होता.

"आणि आता," उत्तरेश्वरने आवाज चढवला, "आपल्या ग्राहकसेवेचा जिवंत पुरावा! श्रीमती इंदुबाई खैरे!"

टाळ्या! हिरव्या लुगड्यातल्या इंदुबाई हातात भला मोठा स्टीलचा डबा घेऊन स्टेजवर आल्या. मोठ्या मॅडमनी शाल घातली, नारळ दिला. पगडी मोठ्या मापाची निघाली, ती थेट बाईंच्या भुवयांवर येऊन बसली. बाईंनी ती मागे सारली, डबा माइकच्या टेबलावर ठेवला आणि समोर बघून गोड हसल्या.

"ते भाषण, आजी!" उत्तरेश्वर कुजबुजला.

"अगं बाई, ते का?" इंदुबाई थेट माइकमध्येच म्हणाल्या. "ते लाडवांखाली घातलंय. डब्याला तळाशी कागद लागतोच ना. तूप सुटतं."

हॉलमध्ये खसखस पिकली. उत्तरेश्वरही हसला. म्हटलं, चला, बाई मनाने बोलतील, ते जास्त छान! त्याने स्वतःच विचारलं, "आजी, छायाछत्रच्या पॉलिसीने तुमचं आयुष्य कसं बदललं, ते सांगा ना सगळ्यांना!"

"छायाछत्रची पॉलिसी? ती कुठाय माझ्याकडे?"

"म्हणजे... घरी असेल ना."

"घरी आहे ती निळ्या पाटीवाल्यांची. आमच्या ह्यांनी दोघांच्या नावावर काढलेली."

निळ्या पाटीवाले म्हणजे रस्त्यापलीकडची दुसरी विमा कंपनी! छायाछत्रची पक्की वैरी! मोठ्या मॅडम तर त्या बाजूची खिडकीसुद्धा उघडू देत नसत. त्याने तिसऱ्या रांगेकडे बघितलं. पूर्णिमाने डोळ्यांवर हात ठेवला होता. नागोराव मात्र पुढे सरकून बसले होते.

"मग... मग तुम्ही आम्हाला फोन का करता?" उत्तरेश्वरने विचारलं.

"कारण तुम्ही उचलता!" इंदुबाई म्हणाल्या. "त्यांना फोन लावला की नुसती सनई वाजते. एक लग्न लागेल, वरात निघेल, नवरी नांदायला जाईल, पण माणूस काही फोनवर येत नाही! हे गेल्यावर मी महिनाभर सनई ऐकली. मग हे तुमचं कॅलेंडर दिसलं भिंतीवर. किराणावाल्याने दिलेलं. त्याच्यावर नंबर होता, म्हटलं लावून बघू. तर पहिल्याच घंटीला एक मुलगी म्हणाली, नमस्कार, मी शेफाली, मी आपली काय मदत करू? मला रडूच आलं हो!"

इंदुबाईंनी पदराने डोळे टिपले.

"त्या पोरीने ह्यांच्या विम्याच्या पैशांसाठी निळ्या पाटीवाल्यांकडे काय काय कागद द्यायचे ते सगळं मला सांगितलं. कुणाला भेटायचं, काय म्हणायचं, कितीदा म्हणायचं! काम झालं माझं. मग म्हटलं, काम झालं म्हणून काय बोलणं बंद करायचं? म्हणून रोज करते फोन. शेफाली कुठाय गं?"

सगळ्यात मागच्या रांगेत एक मुलगी खुर्चीखाली शिरायच्या बेतात होती. हेल्पलाईनवर कामापुरतंच बोलायचं आणि फोन ठेवायचा, असा कंपनीचा कडक नियम. आणि इथे तर वैऱ्याच्या ग्राहकाशी वर्षभर गप्पा! शेजारच्या मुलींनी तिला ढकलत पुढे आणलं. इंदुबाईंनी पगडीसकट तिला मिठी मारली.

"किती वाळलीस गं! आणि पाठ कशी आहे?" मग त्या मोठ्या मॅडमकडे वळल्या. "अहो, हिची खुर्ची मोडकी आहे. गणपतीपासून सांगतेय बिचारी, कुणी बदलत नाही. आणि वर तिथे लिहिलंय, हसतमुख कार्यालय! नीट बसता आलं तर हसेल ना माणूस!"

मागच्या रांगांमधून शिट्ट्या आल्या! उत्तरेश्वरने मनातल्या मनात राजीनाम्याचा मजकूर जुळवायला घेतला. इतक्यात मोठ्या मॅडम उठल्या. माइकपाशी आल्या. पडद्याकडे बोट केलं.

"गव्हाणे, तुमचं ते पहिलं चित्र पुन्हा लावा."

सफरचंदवाली निळ्या डोळ्यांची आजी परत आली.

"हा ज्येष्ठांशी संवादाचा उपक्रम नक्की कुठे चालतो आपला?"

आता सांगायचं काय? उत्तरेश्वरने एकदा आजीच्या फोटोकडे बघितलं, एकदा शेफालीच्या गळ्यात पडलेल्या इंदुबाईंकडे बघितलं, आणि त्याच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "हा काय, मॅडम! इथेच चाललाय!"

मग मोठ्या मॅडम हसल्या. नुसत्या गालात नव्हे, चांगल्या खळखळून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत! "म्हणजे निळ्या पाटीवाल्यांची माणसंसुद्धा आपणच सांभाळतो! याच्यापेक्षा मोठं काम कोणतं हवंय?" त्यांनी डब्यातला एक लाडू उचलला, उद्यापासून हेल्पलाईनला नव्या खुर्च्या येतील असं जाहीर केलं, आणि शेफालीला सांगितलं की इंदुबाईंच्या फोनला वेळेचा नियम लागू नाही. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी! सगळ्यांत जोरात टाळ्या कोण वाजवत होतं? ठेवणीतल्या कोटातले नागोराव, उभे राहून!

उत्तरेश्वरला इतकं हलकं वाटलं की तो मॅडमच्या मागोमाग स्टेजच्या पायऱ्या उतरला. "मॅडम, ते बढतीचं..."

"देऊ की," मॅडम लाडू खात म्हणाल्या. "ज्या दिवशी या बाई खरोखर आपल्या ग्राहक होतील, त्या दिवशी तुमच्या दारावरची पाटी बदलू."

घरी जाताना गाडीत नागोराव खिडकीबाहेर बघत बसले होते. चंदननगर मागे पडल्यावर म्हणाले, "जवाईबापू, आज समजलं तुमच्या हापिसात काय काम होते ते."

"काय?" उत्तरेश्वरने आशेने विचारलं.

"फोन उचलतात."

रविवारी उत्तरेश्वर खडकीला निघाला. बॅगेत नव्या पॉलिसीचे कागद होते. नागोरावही सोबत निघाले. जावयाचं काम एकदा डोळ्यांनी बघायचंच, असा त्यांनी हट्टच धरला होता. इंदुबाईंनी दोघांना बसवलं, चहा टाकला. उत्तरेश्वरने पॉलिसीचे सगळे फायदे असे काही रंगवले की नागोरावांनीही दोनदा मान डोलावली.

"छान आहे हो," इंदुबाई म्हणाल्या. "मला तर घ्यावीशी वाटतेय. पण शेफालीला विचारल्याशिवाय मी काही करत नाही."

"अहो, पण शेफाली आमचीच..."

तोवर फोन लागलासुद्धा! बाईंनी तो स्पीकरवर टाकला.

"नमस्कार आजी! नवी खुर्ची आली बरं का! बोला!"

"अगं, घरी एक माणूस आलाय. नवीन पॉलिसी घे म्हणतोय."

"गोड बोलतोय का?"

"फार गोड बोलतोय!"

"मग तर नकोच, आजी! तुमच्या वयाला नवा हप्ता फार जड जाईल. आहे ती पुरेशी आहे तुम्हाला. त्याला चहा द्या आणि वाटेला लावा!"

"बरं गं बाई," इंदुबाई म्हणाल्या. मग मशीनने गुण विचारले. बाईंनी चष्मा लावून, जपून दहा दाबले आणि कौतुकाने उत्तरेश्वरकडे बघितलं. "तुमच्याच माणसाला दिले हो! घ्या, चहा घ्या."

उत्तरेश्वरने कप उचलला. पोरगी बोलली ते खरंच होतं, आणि तेच जास्त झोंबत होतं. दारावरची पाटी काही यंदा बदलत नाही, हे त्याला पुरतं कळलं. निदान सासरे दोन शब्द धीराचे बोलतील म्हणून त्याने शेजारी बघितलं.

नागोराव खिशातून मोबाईल काढत होते.

"जवाईबापू, त्या पोरीचा नंबर मले बी द्या."

"तुम्हाला? तो कशाला?"

"माह्याजवळ बी निळ्या पाटीवाल्याचीच पॉलिसी आहे ना! दोन वर्षांपासून सनईच ऐकून रायलो."

उत्तरेश्वरने कप खाली ठेवला आणि सासऱ्यांना नंबर सांगायला सुरुवात केली.